ग्रीक नाण्यांचा संग्रह : रुपे, कांसे आणि जागेची साक्ष

प्राचीन ग्रीक जगाने मागे ठेवलेल्या लिखित सामग्रीत नाण्यांचे स्थान काहीसे वेगळे आहे. ग्रीक ग्रंथ आज उपलब्ध आहेत ते बहुतांशी मध्ययुगीन नकलांच्या द्वारे. प्रत्येक नकलेबरोबर त्यांत पाठभेद शिरत गेले. शिलालेख मूळ स्वरूपात मिळतात, परंतु ते बहुधा भग्न असतात. नाणे मात्र ज्या ठशाखाली पाडले गेले त्या ठशाची अक्षरे, तीच वळणे आणि त्याच चुका घेऊन हाती येते. शिवाय त्याची संख्या विपुल, आकार लहान आणि रूप बहुधा मनोहर. यामुळेच इतर कोणत्याही प्राचीन अवशेषापेक्षा नाण्यांचा संग्रह अधिक काळ आणि अधिक लोकांकडून होत आला आहे. चौदाव्या शतकात इटालियन कवी पेत्रार्क हा शेतकऱ्यांकडून रोमन नाणी विकत घेत असे. पुढे याच छंदातून नाणकशास्त्राचा उदय झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि संग्रह आणि शास्त्र यांचे नाते सरळ नाही. प्रत्येक प्राचीन नाण्यापाशी दोन प्रकारची साक्ष असते. एक त्याच्या अंगची : धातू, वजन, चित्र, लेख आणि ठसा. दुसरी त्याच्या जागेची : ते कोठे, कोणत्या थरात आणि कोणत्या नाण्यांच्या सोबतीने मिळाले. पहिली साक्ष संग्राहकाच्या पेटीत सुरक्षित राहते. दुसरी, नाणे जमिनीतून निघतेवेळी कोणी नोंदून ठेवली तरच राहते. एरवी ती त्याच क्षणी नाहीशी होते व पुन्हा मिळविता येत नाही. रुप्याच्या आणि काशाच्या नाण्यांत या दोन साक्षींचे प्रमाण सारखे नसते. संग्राहकांनी आजवर ज्या नाण्यांना अधिक मान दिला आणि ज्यांना कमी लेखले, तो क्रम शास्त्राच्या दृष्टीने कितपत योग्य आहे याचा विचार येथे करावयाचा आहे.

(१) नाण्याच्या अंगची साक्ष

नाणी पाडण्याचा आरंभ इ. स. पू. सातव्या शतकात आशिया मायनरच्या पश्चिम भागात, लिडिया व त्यालगतच्या ग्रीक नगरांत झाला. ही पहिली नाणी सोने व रुपे यांच्या मिश्रधातूची होती. त्यांपैकी थोड्या नाण्यांवर एक लहानसा लेख आढळतो. त्याचा अर्थ ‘मी फानेसचे चिन्ह आहे’ असा होतो. या वाक्यात नाणे स्वतःच बोलते, आणि मालकी षष्ठी विभक्तीने सांगते. षष्ठीची ही प्रथा ग्रीक नाण्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. सिराक्यूजच्या नाण्यावर नगराचे नाव नसते; ‘सिराक्यूजकरांचे’ असे षष्ठी बहुवचन असते. राज्य नगराच्या भिंतींचे नव्हे, नागरिकांचे, ही ग्रीकांची कल्पना व्याकरणाच्या एका प्रत्ययात अशी उमटली आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या त्रोटक लेखांचे मोल त्यांच्या लांबीवरून ठरत नाही. सिसिली बेटावरील झांक्ले या नगराच्या आरंभीच्या नाण्यांवर कोयत्याच्या आकाराचे बंदर कोरलेले असून ‘दांक्ले’ असा लेख आहे. ग्रंथांत ‘झ’ आढळतो तेथे स्थानिक लेखनात ‘द’ आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभी रेगिऑनचा सत्ताधीश अनाक्सिलास याने हे नगर ताब्यात घेऊन त्याला मेस्सेने हे नाव दिले. त्यानंतरच्या नाण्यांवर प्रथम ‘मेस्सेनिओन’ असे आयोनिक बोलीचे रूप येते, आणि त्याच शतकात पुढे त्याची जागा ‘मेस्सानिओन’ हे डोरिक रूप घेते. एका स्वराच्या बदलातून नगराच्या व्यवहारातील बोली कशी पालटली हे दिसून येते.

याउलट अथेन्सच्या नाण्यांवर लेखन गोठून राहिले. इ. स. पू. ४०३-४०२ मध्ये अथेन्सने आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली व दीर्घ ‘ए’साठी स्वतंत्र अक्षर रूढ झाले, तरी नाण्यावरील ‘आथे’ ही तीन अक्षरे जुन्याच पद्धतीने लिहिली जात राहिली. परदेशी व्यापारी ज्या रूपाला ओळखीत होते ते बदलणे नगराला परवडण्यासारखे नव्हते. कॉरिंथच्या नाण्यांवरील ‘कोप्पा’ हे अक्षरही, नेहमीच्या लेखनातून लोपल्यानंतर, पंखयुक्त घोड्याच्या पोटाखाली तसेच टिकून राहिले. एलिसच्या नाण्यांवर नगरनामाच्या आरंभी ‘व’ या ध्वनीचे अक्षर येते. हा ध्वनी अथेन्सच्या बोलीतून कधीच नाहीसा झाला होता.

ही सर्व उदाहरणे रुप्याच्या नाण्यांची झाली. काशाच्या नाण्यांतही अशी उदाहरणे आहेत. पांफिलियातील पेर्गे या नगराच्या लहानशा काशाच्या नाण्यांवर, स्थानिक बोलीत व स्थानिक अक्षरांत, ‘पेर्गेच्या स्वामिनीचे’ अशा अर्थाचा लेख आहे. स्वामिनी म्हणजे आर्तेमिस देवी. त्यातील स्वामिनीवाचक शब्दात आरंभीचा ‘व’ शाबूत आहे. याच शब्दाचे पुल्लिंगी रूप १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडलेल्या मायसीनियन लिपीतील मृत्पट्टिकांवर राजवाचक म्हणून आढळते. या दोहोंमध्ये हजार वर्षांचे अंतर आहे. बाजारात ज्याला कोणी फारशी किंमत देत नाही अशा एका नाण्यावर ग्रीक भाषेच्या इतिहासातील एवढा जुना ध्वनी जपला गेला आहे.

(२) रुपे आणि कांसे

रुप्याच्या नाण्याचे मूल्य मुख्यतः त्याच्या धातूत असे. अथेन्सचे चार द्राख्मांचे घुबडाचे नाणे सुमारे १७.२ ग्रॅम वजनाचे असून त्यातील रुपे लाव्रिऑनच्या खाणींतून येत असे. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांची एक मिना आणि सहा हजार द्राख्मांचा एक टॅलेंट, असे कोष्टक होते. ‘ओबोल’ म्हणजे मुळात लोखंडी सळई आणि ‘द्राख्मा’ म्हणजे मूठभर. सहा सळया मुठीत मावत म्हणून हे नाव पडले, असे प्लुटार्कने सांगितले आहे.

मूल्य धातूत असल्यामुळे रुप्याचे नाणे कोठेही जाऊ शके. अथेन्सची घुबडे इजिप्त, सीरिया व त्यापलीकडेही सापडतात. १९३३ साली काबूलजवळ चमन-इ-हजूरी येथे मिळालेल्या सुमारे एक हजार रुप्याच्या नाण्यांच्या निधीत ग्रीक नगरांची नाणी इराणी नाण्यांच्या सोबत होती. अशा दूरच्या ठिकाणी नाण्यावरील चित्राला कोणी मान देत नसे. छिन्नीने छेद घेऊन आत रुपे आहे की नाही एवढेच पाहिले जाई.

काशाच्या नाण्याची गोष्ट निराळी. त्याचे मूल्य धातूत नसून नगराच्या आज्ञेत होते. सिसिली व दक्षिण इटलीत इ. स. पू. पाचव्या शतकात काशाची नाणी रुजू लागली. अथेन्समध्ये ती नियमितपणे वापरात येण्यास चौथ्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस, रुपे संपल्यावर, अथेन्सने तांब्यावर रुप्याचा मुलामा दिलेली नाणी काढली होती, आणि इ. स. पू. ४०५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘बेडूक’ या नाटकात आरिस्तोफानेसने हलक्या तांब्याच्या नाण्यांची टर उडविली होती. इ. स. पू. ३७५-३७४ मधील एका कायद्याची शिला १९७० साली अथेन्सच्या बाजारचौकात सापडली. त्या कायद्यानुसार एक सार्वजनिक दास नाणेपारखी म्हणून सराफांच्या मेजांपाशी बसे. आपल्याकडील पोतदाराचे जे काम तेच त्याचे. आत कांसे किंवा शिसे असलेले नाणे आढळताच त्याने ते तेथल्या तेथे कापावे व देवांच्या मातेच्या नावे जमा करावे, अशी आज्ञा होती.

नगराने काशाचे नाणे का काढावे, याचे उत्तर खुद्द एका नगराने लिहून ठेवले आहे. हेलेस्पाँटच्या तीरावरील सेस्तोस या नगराने इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मेनास नावाच्या नागरिकाच्या गौरवार्थ एक ठराव कोरविला. त्यात नगराने आपले काशाचे नाणे सुरू करण्याची दोन कारणे दिली आहेत : नगराचे चिन्ह चलनात राहावे आणि त्यापासून मिळणारा नफा लोकांना मिळावा. याचाच अर्थ, नगराची हद्द संपली की त्या नाण्याचे बळ बहुधा संपे. ते फार दूर जात नसे. ज्या बाजारात वापरले गेले त्याच्या आसपासच पडून राही. म्हणूनच रुप्याचे नाणे जेथे मिळाले तेथे ते कसे आले हा प्रश्न असतो, आणि काशाचे नाणे जेथे मिळाले ती जागा बहुधा स्वतःच एक उत्तर असते.

(३) संग्रहाने काय साधले

संग्राहकांचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. व्हिएन्नातील योसेफ एक्हेल याने १७९२ ते १७९८ या काळात आठ खंडांचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्याने ग्रीक नाण्यांची मांडणी प्रथमच भूगोलानुसार पक्की केली. ही मांडणी राजे-सरदारांच्या संग्रहांवाचून शक्य नव्हती. स्विस संग्राहक फ्रीड्रिख इम्होफ-ब्लूमर हा स्वतःच त्या काळातील अग्रगण्य नाणकशास्त्रज्ञ होता. त्याचा संग्रह १९०० साली बर्लिनच्या संग्रहालयाने घेतला. १९३१ पासून ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘सिलोगे नुम्मोरुम ग्रेकोरुम’ या मालेने सार्वजनिक संग्रहांबरोबर खाजगी संग्रहांतीलही प्रत्येक नाणे छायाचित्रासह छापण्याची प्रथा पाडली.

अशा प्रकाशनांमुळे ठशांचा अभ्यास शक्य झाला. ग्रीक नाणे हाताने पाडले जाई. एक ठसा ऐरणीत बसविलेला, दुसरा एका दांड्याच्या टोकाशी कोरलेला. दोहोंच्या मध्ये धातूची चकती ठेवून वरून घाव घातला जाई. वरच्या ठशावर घाव थेट बसत असल्यामुळे तो लवकर झिजे वा तडके, आणि त्याच्या जागी नवा येई. खालचा मात्र तोच राही. त्यामुळे एकाच दर्शनी ठशाची नाणी अनेक मागील ठशांशी, आणि त्यांतील काही पुढच्या दर्शनी ठशाशी जोडलेली दिसतात. ठशावरील तडा कोणत्या नाण्यावर लहान व कोणत्यावर वाढलेला आहे हे पाहून या जोड्यांचा क्रम लावता येतो. हस्तलिखितांतील समान प्रमादांवरून प्रतींचा वंशवृक्ष लावण्याच्या पद्धतीशी या रीतीचे साम्य स्पष्ट आहे. या कामी नाणे कोणत्या देशातील कोणत्या कपाटात आहे याला महत्त्व नसते. त्याचे चांगले छायाचित्र असले म्हणजे पुरते. रुप्याच्या नाण्याची अंगची साक्ष ती ही.

तथापि या साक्षीलाही एक भय आहे, ते म्हणजे बनावट नाण्यांचे. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) याने प्राचीन नाण्यांचे तीनशेहून अधिक बनावट ठसे कोरले, आणि त्याच्या नाण्यांनी नामांकित संग्रहांतही प्रवेश मिळविला. ज्या नाण्याची जागा ठाऊक नाही त्याच्या अस्सलपणाविषयी केवळ नजरेवर विसंबावे लागते. जे नाणे खोदकामात, आपल्या थरात मिळाले, त्याच्याविषयी आधुनिक बनावटीची शंका सहसा उद्भवतच नाही.

(४) सोबतीची साक्ष

ठशांवरून क्रम लागतो. काळ लागत नाही. एकामागून एक आलेल्या ठशांची साखळी पंचांगावर कोठे बसवावयाची हे बाहेरच्या पुराव्यावरून ठरवावे लागते, आणि हा पुरावा पुष्कळदा निधीतून मिळतो. जी नाणी एकाच वेळी एकत्र पुरली गेली त्यांतील कोणती झिजलेली व कोणती नवी, कोणत्या नगरांची आहेत व कोणत्यांची नाहीत, यांवरून काळ निश्चित होतो. सुटे नाणे हे एकटा शब्द होय. निधी हे वाक्य होय.

याचे प्रसिद्ध उदाहरण सिराक्यूजच्या दहा द्राख्मांच्या एका भव्य नाण्याचे आहे. इ. स. पू. ४८० च्या हिमेरा येथील विजयानंतर सत्ताधीश गेलोन याची पत्नी देमारेते हिला कार्थेजच्या लोकांनी सुवर्णमुकुट दिला व त्यातून तिच्या नावाचे नाणे निघाले, अशी कथा दिओदोरसने दिली आहे. सुमारे ४३ ग्रॅम वजनाचे हे रुप्याचे नाणे तेच असावे असे मानून एरिख बोरिंगर यांनी १९२९ साली त्याचा काळ इ. स. पू. ४७९ असा धरला, आणि सिसिलीतील शिल्पकलेचा व इतर नगरांच्या नाण्यांचा कालक्रम त्याला टांगला गेला. पुढे निधींतील पुरावा तपासून कॉलिन क्रे यांनी १९६९ साली हे नाणे इ. स. पू. ४६० च्या दशकाकडे आणले. येथे नाण्याची कलाकुसर, वजन वा लेख यांपैकी काहीही उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली ती निधींत कोणती नाणी एकत्र होती आणि कोणती नव्हती याची नोंद.

म्हणूनच निधी फुटतो तेव्हा होणारी हानी नाण्यांच्या संख्येने मोजता येत नाही. इजिप्तमधील अस्यूत येथे १९६८-६९ च्या सुमारास सुमारे ९०० प्राचीन ग्रीक रुप्याची नाणी निघाली व तत्काळ जगभरच्या बाजारात पांगली. मार्टिन प्राइस व नॅन्सी वॅगनर यांनी व्यापारी व संग्राहकांकडे फिरून त्यांची यादी जुळविली आणि १९७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नाण्यांवर ठिकठिकाणी छिन्नीचे घाव होते. ज्या संग्राहकांनी आपली नाणी दाखविली त्यांच्या सहकार्यानेच हे कार्य झाले. परंतु ज्या जमिनीतून निधी निघाला तिच्याविषयी जाणण्याचा मार्ग उरला नव्हता. १९८४ साली तुर्कस्तानात एल्माली येथे धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने सुमारे १,९०० रुप्याच्या नाण्यांचा निधी उकरला गेला. त्यात अथेन्सची अत्यंत दुर्मिळ अशी दहा द्राख्मांची नाणी होती. तो परदेशी गेला, त्यावरून दीर्घ न्यायालयीन विवाद झाला, आणि अखेर १९९९ साली त्याचा मोठा भाग तुर्कस्तानास परत मिळाला. नाणी परतली, त्यांची जमिनीतील मांडणी परतणे शक्य नव्हते.

(५) काशाच्या नाण्यांची जागा

रुप्याच्या बाबतीत अंगची साक्ष तरी शिल्लक राहते. काशाच्या नाण्यांची स्थिती अधिक नाजूक आहे. जमिनीतील क्षारांमुळे त्यांवर कळंक चढतो, लेख झिजतो, आणि बऱ्याच नाण्यांवर चित्राची अंधुक छाया मात्र उरते. अशा नाण्याचे मोल जवळजवळ सर्वस्वी त्याच्या जागेत असते.

ओलिंथोस नगराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मॅसिडोनचा राजा फिलिप याने इ. स. पू. ३४८ मध्ये ते उद्ध्वस्त केले. १९२८ ते १९३८ या काळात डेव्हिड रॉबिन्सन यांनी चार हंगामांत तेथील घरे उघडकीस आणली, आणि कोणती वस्तू कोणत्या घराच्या कोणत्या खोलीत मिळाली याच्या नोंदी ठेवल्या. मिळालेल्या नाण्यांत काशाची फार मोठ्या संख्येने होती. सत्तर वर्षांनी, २००२ साली, निकोलस केहिल यांनी याच नोंदींच्या आधारे कोणत्या घरात दुकान चाले, कोठे विणकाम होई, कोठे धान्य साठविले जाई, याचे चित्र उभे केले. रॉबिन्सन यांच्या पिढीला जो प्रश्न सुचलाही नव्हता त्याचे उत्तर त्यांच्या नोंदवह्यांत होते. अथेन्सच्या बाजारचौकात १९३१ पासून चाललेल्या उत्खननांतील ग्रीक नाण्यांचा जॉन क्रोल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथही मुख्यतः काशाच्या नाण्यांवर उभा आहे. या नाण्यांतील पुष्कळ नाणी संग्राहकाने हातातही धरली नसती; तरीही अथेन्सच्या काशाच्या चलनाचा कालक्रम त्यांच्यामुळेच स्थिर झाला.

याउलट आज बाजारात न साफ केलेली काशाची नाणी वजनावर, ढिगाने विकली जातात. त्यांतील एखादे स्वच्छ व सुबक निघाले तर ते पेटीत जाते, उरलेली टाकून दिली जातात. बोलींच्या अभ्यासकाने गावोगावचे शब्द गोळा करावेत, परंतु कोणता शब्द कोणत्या गावी, कोणत्या समाजातील व्यक्तीकडून मिळाला हे न लिहिता सर्व चिठ्ठ्या एका पिशवीत टाकाव्यात, तसे हे आहे. शब्द हाती राहतात. बोली हातची जाते.

(६) पूर्वेकडील दोन दाखले

संग्राहकाच्या हातून साक्ष जपलीही जाते आणि नष्टही होते, याचे दाखले अफगाणिस्तानात जवळजवळ शेजारीच आढळतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पळालेला व चार्ल्स मॅसन या नावाने वावरणारा एक इंग्रज १८३३ पासून काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे नाणी गोळा करू लागला. ही बहुसंख्य तांब्या-काशाची, झिजलेली नाणी होती. एका बाजूस ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूस त्या वेळी अज्ञात असलेल्या लिपीतील लेख असे त्यांचे स्वरूप होते. विशिष्ट ग्रीक शब्दांच्या जागी विशिष्ट अक्षरसमूह येतात हे मॅसनच्या लक्षात आले, आणि त्याने ते जेम्स प्रिन्सेप यास कळविले. ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’ याच्या समोर ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ हे शब्द आहेत, ही भाषा प्राकृत आहे आणि ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते, असे या प्रयत्नांतून निष्पन्न होत गेले. खरोष्ठी लिपीच्या उलगड्याचा पाया असा एका संग्राहकाच्या पिशवीतील हलक्या नाण्यांवर घातला गेला. मॅसनने आपल्या शोधांच्या नोंदी व रेखाचित्रे ठेवली. त्यामुळे दीड शतकानंतरही ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासकांना त्याच्या संग्रहाची पुनर्जुळणी करता आली.

दुसरा दाखला मीर जकाह येथील. तेथे १९४७ साली हजारो नाणी मिळाली व त्यांतील बरीच शास्त्रीय रीतीने प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, त्याच जागी दुसरा साठा निघाला. त्यातील नाण्यांची संख्या लाखांच्या घरात होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती नाणी पोत्यांनी बाजारात गेली. इंडो-ग्रीक राजांच्या क्रमाविषयीचे कितीतरी वाद या एका साठ्याच्या पद्धतशीर नोंदीने मिटले असते. याच्याशी तुलना करण्यासाठी अई-खानुम येथील शोध घ्यावा. तेथे १९७० साली फ्रेंच उत्खननात राजा अगाथोक्लेस याची अवघी सहा रुप्याची नाणी मिळाली. त्यांवर ग्रीक व ब्राह्मी लेख असून वासुदेव व संकर्षण यांच्या आकृती आहेत. ही नाणी बाजारातून आली असती तर त्यांच्या अस्सलपणाविषयी वाद झाले असते. उत्खननात मिळाल्यामुळे भागवत संप्रदायाच्या इतिहासात त्यांना निर्विवाद स्थान मिळाले.

(७) जोगळटेंभीचा निधी आणि ‘दाम’ हा शब्द

ग्रीक चलनाचा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचतो. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाचा कर्ता सांगतो की, भडोच येथे अपोलोदोतोस व मिनँडर यांची ग्रीक अक्षरे असलेली जुनी नाणी त्याच्या काळीही चालत असत. याच परंपरेत क्षहरात राजा नहपान याने रुप्याची नाणी पाडली. त्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, परंतु भाषा ग्रीक नाही : ‘रञो क्षहरातस नहपानस’ हे प्राकृत शब्दच ग्रीक अक्षरांत उतरविले आहेत. मागील बाजूस तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत येतो.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा निधी मिळाला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. निधी एकत्र पाहिला गेला व एच. आर. स्कॉट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणूनच हे प्रमाण आज सांगता येते. ही नाणी एकेक करून सराफांच्या मुशीत किंवा छांदिष्टांच्या पेटीत गेली असती, तर सातकर्णीने नहपानाची नाणी पुन्हा मुद्रांकित केली एवढे कळले असते. ती किती मोठ्या प्रमाणावर केली हे कळले नसते. सत्तांतराचा आवाका नाण्याच्या अंगावर नव्हता, तो निधीच्या बेरजेत होता.

द्राख्मा हा शब्दही असाच प्रवास करीत आला. संस्कृतात तो ‘द्रम्म’ झाला. शिलाहार व यादव यांच्या लेखांत द्रम्मांचा उल्लेख वारंवार येतो. आणि पुढे त्याचेच ‘दाम’ झाले. ‘दाम मोजणे’ या मराठी वाक्प्रचारात ग्रीकांची ती मूठ अजून शिल्लक आहे. हा प्रवास सांगता येतो तो प्रत्येक टप्प्यावरील रूप, स्थान व काळ यांच्यासह नोंदले गेले म्हणून. शब्दाला जो न्याय लागू, तोच नाण्याला.

(८) संग्राहकापुढील मार्ग

नाण्यांच्या व्यवहारावर कायद्याचे नियंत्रण आहे. भारतात १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा गुप्त निधी सापडल्यास तो कलेक्टरास कळविणे बंधनकारक केले, आणि १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या खाजगी निर्यातीस बंदी घातली. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० सालचा आहे; ग्रीसचा पुरावस्तूविषयक कायदा २००२ सालचा. परंतु कायदा नाण्याचे स्वामित्व ठरवितो. त्याची साक्ष जपणे हे नोंद ठेवणाऱ्याचे काम आहे.

ज्या संग्राहकापाशी कायदेशीर मार्गाने आलेली नाणी आहेत, त्याला हे काम साध्या साधनांनी करता येते. वजन ग्रॅमच्या शतांशापर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये. दर्शनी व मागील चित्रांचा परस्परांशी असलेला कोन. लेखातील प्रत्येक अक्षर जसे दिसते तसे, न दिसणारे अक्षर मनाने न भरता. दोन्ही बाजूंचे छायाचित्र. आणि पूर्वीचा मालक, खरेदीचे ठिकाण व दिनांक, जुनी चिठ्ठी असल्यास तिच्यातील मजकूर. जुन्या पेटीतील पिवळी पडलेली चिठ्ठी ही नाण्याइतकीच मोलाची असते, कारण कित्येकदा नाण्याच्या जागेचा तोच एकमेव उरलेला दुवा असतो. ज्या नाण्याविषयी यांपैकी काहीच सांगता येत नाही आणि विक्रेता सांगू इच्छीत नाही, ते न घेणे हेही संग्रहाचेच अंग आहे. कारण अशा प्रत्येक खरेदीतून कोठेतरी दुसरा निधी उकरण्याची प्रेरणा निर्माण होते.

विद्यापीठांतील अभ्यासकांसाठी यातून एक निष्कर्ष निघतो. संग्रहालयांच्या कपाटांत रुप्याची नाणी दर्शनी खणात आणि काशाची खालच्या खणांत ठेवण्याची रूढी आहे. पदव्युत्तर संशोधनाचा विषय शोधणाऱ्याने खालचा खण आधी उघडावा. ज्या काशाच्या नाण्यांच्या जागेची नोंद आहे, त्यांची सूची करणे हे कष्टाचे व फारसे कीर्ती न देणारे काम असले, तरी रुप्याच्या नाण्यांवर शेकडो पृष्ठे लिहिली गेल्यानंतर जे प्रश्न उरले आहेत, त्यांतील पुष्कळांची उत्तरे तेथेच मिळण्याचा संभव आहे.